सांबऱ्याहून क्रॉस-कंट्रीला निघताना: नोटॅम आधी, ॲपचा नकाशा मग

टॅबलेटवरच्या उड्डाण-नकाशाच्या ॲपमध्ये मार्गाची रेघ ओढली, तिच्यावर निर्बंधाचा लाल गोल दिसला नाही, म्हणून आकाश मोकळं असं धरून चालू नका. तो गोल ॲपने नोटॅमवरून, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या अधिकृत सूचनेवरून, काढलेलं चित्र असतं, आणि चित्र काढताना बरंच काही गळतं. विद्यार्थी वैमानिकाने मूळ मजकूर वाचायची सवय पहिल्या क्रॉस-कंट्रीपासूनच, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्याकडे जायच्या पहिल्या उड्डाणापासूनच, लावून घ्यावी.

सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते कोल्हापूर घ्या. सरळ रेषेत साधारण 52 सागरी मैल. संकेश्वर, निपाणी, कागल अशी महामार्ग 48 च्या आधाराने जाणारी वाट.

आदल्या संध्याकाळी ॲपचा डेटा वायफायवर उतरवा आणि त्याची मुदत पाहा. एआयआरएसी चक्र, म्हणजे हवाई माहिती अद्ययावत करायचं ठरलेलं चक्र, 28 दिवसांचं असतं. कायमची प्रतिबंधित, निर्बंधित आणि धोका क्षेत्रं एआयपी या अधिकृत हवाई माहिती-पुस्तिकेच्या ईएनआर 5.1 भागात असतात. तुमच्या पट्ट्यातल्या क्षेत्रांच्या सीमा आणि उंच्या ॲपशी एकदा ताडून बघा.

निघायच्या दिवशी नोटॅम विमानतळ प्राधिकरणाच्या एआयएम-इंडिया संकेतस्थळावरून काढा. इथे सीमाभागाची एक खास अडचण आहे: कोल्हापूरचा संकेत व्हीएकेपी, बेळगावचा व्हीओबीएम, म्हणजे सुरुवातीची अक्षरंच वेगळी. नुसते दोन विमानतळ टाकून थांबू नका, मुंबई आणि चेन्नई या दोन्ही एफआयआरचे (उड्डाण माहिती क्षेत्रांचे) नोटॅम मागवा. मार्गावरचा गोळीबाराचा सराव विमानतळाच्या नावावर नव्हे, एफआयआरच्या नावावर निघालेला असू शकतो.

आता मजकूर. क्यू ओळीत, म्हणजे नोटॅमच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीत, क्यूआरटीसीए दिसलं तर तात्पुरतं निर्बंधित क्षेत्र लागू आहे, क्यूआरडीसीए म्हणजे धोका क्षेत्र चालू. त्या ओळीच्या शेवटी मध्यबिंदू आणि सागरी मैलांत त्रिज्या असते. ॲप गोल काढतं ते अनेकदा एवढ्यावरूनच. खरा आकार ई) या सविस्तर मजकुराच्या भागात असतो, कधी पाच-सहा कोनांचा. ते बिंदू हाताने टाकून आकार स्वतः काढा. गोल आणि बहुकोन यांत किती फरक पडतो ते लगेच दिसेल.

उंचीत सर्वांत जास्त गफलत होते. क्यू ओळीतल्या उंच्या ढोबळ असतात, नेमक्या एफ) (खालची मर्यादा) आणि जी) (वरची मर्यादा) मध्ये. सांबऱ्याची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फूट. समजा निर्बंध जमिनीपासून 3,000 फुटांपर्यंत, म्हणजे एजीएल आहे. क्यूएनएच (समुद्रसपाटीवर आणलेला हवेचा दाब) लावलेल्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, त्याचा माथा 5,500 फुटांना येतो. हेच 3,000 एएमएसएल (समुद्रसपाटीपासून) समजून वाचलं, तर 4,500 वर उडताना आपण वरून चाललोय असं वाटेल आणि विमान थेट क्षेत्राच्या आत असेल.

वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, बी) मध्ये सुरुवातीची आणि सी) मध्ये संपायची; त्यात 5 तास 30 मिनिटं मिळवा. बी) मध्ये 2601140330 म्हणजे 14 जानेवारी 2026, सकाळी 9. तारीखही बदलते हे लक्षात ठेवा: 13 तारखेचे 2300 ते 14 तारखेचे 0200 म्हणजे आपल्याकडे 14 तारखेचे पहाटे साडेचार ते सकाळी साडेसात. सातला उड्डाण करणारा नेमका त्यात सापडतो. डी) मध्ये रोजचं वेळापत्रक असेल तर तेही उतरवून घ्या, कारण काही ॲप बी) ते सी) असा सगळा काळ क्षेत्र चालूच दाखवतात. सी) पुढे ईएसटी असेल तर संपायची वेळ अंदाजाची, नवा नोटॅम येईपर्यंत निर्बंध संपला असं मानू नका.

फ्लाइट प्लॅन भरताना एफआयसीकडून (उड्डाण माहिती केंद्राकडून) ब्रीफिंग घ्या आणि मार्गावर काय चालू आहे ते थेट विचारा. एफआयसी आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) क्रमांक मिळाले तरी नोटॅम वाचायची जबाबदारी तुमचीच राहते. निघायला तासभर उशीर झाला तर नोटॅम पुन्हा काढा. हवेत गेल्यावर टॅबलेटवर जुनंच चित्र असतं, म्हणून शंका आली की रेडिओवर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक काळजी. आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असतो. उन्हात उभ्या विमानात त्याहून जास्त तापतं आणि पडदा ऐन वेळी बंद पडतो. तो काचेजवळ ठेवू नका. क्षेत्रांचे बिंदू, दोन्ही उंच्या आणि भारतीय वेळा गुडघ्यावरच्या पॅडच्या कागदावर पेनाने लिहून न्या.