युद्धकाळातल्या फुटबॉल हंगामाची तयारी : पर्ड्यू, १९४३

आपल्याकडे फुटबॉल म्हटला की गोल चेंडू आणि दोन गोलपोस्ट डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र अमेरिकेतला, लांबट चेंडूचा, अंगावर धावून जाण्याचा फुटबॉल अभिप्रेत आहे, आणि ठिकाण आहे इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफयेट गावचे पर्ड्यू विद्यापीठ. आज अनेक मराठी घरांतली मुले अभियांत्रिकी शिकायला या गावी जातात. त्यांच्यापैकी ज्यांनी शनिवारी रॉस-एड स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून सामना पाहिला असेल, त्यांना ही जागा परकी वाटणार नाही. अशी कल्पना करावी की १९४३ चा जुलै महिना आहे, आणि सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या हंगामासाठी संघ उभा करण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे. गेल्या वर्षी प्रशिक्षक एल्मर बर्नहॅम यांच्या संघाने नऊपैकी आठ सामने गमावले होते. या वर्षी तोच संघ नऊच्या नऊ सामने जिंकणार आहे. पुढची यादी मी त्या हंगामावरून आणि त्याच वर्षी खेळलेल्या इतर संघांच्या अनुभवावरून, आज मागे वळून तयार केली आहे.

सर्वांत आधी एक वही घ्यावी आणि तीत खेळाडूंची नावे लिहावीत. मात्र नेहमीप्रमाणे नावापुढे उंची, वजन आणि जागा एवढेच न लिहिता एक रकाना जास्तीचा आखावा आणि त्यात तो खेळाडू संघाबरोबर कोणत्या तारखेपर्यंत असणार हे पेन्सिलीने लिहावे. साऱ्या तयारीचा कणा हाच रकाना आहे. नौदलाचा व्ही-१२ नावाचा अधिकारी-प्रशिक्षणाचा उपक्रम १ जुलै १९४३ रोजी देशभरच्या १३१ महाविद्यालयांत सुरू झाला, आणि त्याची सत्रे सोळा-सोळा आठवड्यांची, जुलै, नोव्हेंबर व मार्चच्या पहिल्या तारखेला सुरू होणारी होती. याचा अर्थ असा की पहिले सत्र ऑक्टोबरअखेर संपणार, आणि ज्यांची पुढच्या प्रशिक्षणाला पाठवणी ठरली आहे ती मुले हंगाम ऐन रंगात असताना सामान बांधून निघणार. ज्या प्रशिक्षकाने फुटबॉलचे वेळापत्रक आणि नौदलाचे वेळापत्रक एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडले नसेल, त्याला नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मैदानावर कोण उतरणार हे सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. नौदल आणि मरीन कोअर हे सागरी सैनिकांचे दल यांनी आपल्या व्ही-१२ प्रशिक्षणार्थींना महाविद्यालयाच्या संघातून खेळायची मुभा दिली होती. भूदलाने आपल्या विशेष प्रशिक्षणार्थींना ती दिली नव्हती. एवढ्या एका फरकावर कित्येक संघांचे भवितव्य ठरले. ज्यांच्या आवारात नौदलाची मुले आली त्यांना तयार खेळाडू मिळाले. ज्यांच्याकडे केवळ भूदलाची मुले होती त्यांच्या वाट्याला लष्करी तपासणीत नापास झालेले तरुण आणि सतरा वर्षांची पोरे उरली, कारण नोव्हेंबर १९४२ पासून सक्तीच्या भरतीचे वय अठरावर आले होते. अलाबामा, टेनेसी, स्टॅनफर्ड, मिशिगन स्टेट यांनी तर १९४३ मध्ये संघच उतरवला नाही. म्हणून आपल्या विद्यापीठात कोणत्या दलाचा कोणता उपक्रम आहे, त्यातले कोण खेळू शकतात आणि त्यांच्या कमांडिंग अधिकाऱ्याचे म्हणणे काय आहे, हे लेखी स्वरूपात जवळ असावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेण्यावरची नेहमीची बंदीही युद्धापुरती बहुतेक ठिकाणी उठवली गेली होती; तिचीही खातरजमा करून घ्यावी.

पर्ड्यूला मरीन आणि नौदल अशी दोन्ही दलांची मुले मिळाली. शेजारच्या इलिनॉय विद्यापीठाचे गाजलेले खेळाडू, त्यात गार्ड (पुढच्या फळीत अडवणारा) अ‍ॅलेक्स अगासी आणि फुलबॅक (चेंडू घेऊन धावणारा) टोनी बटकोविच, मरीन कोअरच्या हुकमाने वेस्ट लाफयेटला येऊन दाखल झाले. अशा संघात कालचा प्रतिस्पर्धी आज शेजारी उभा असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात डावपेचांपेक्षा ओळखी आणि इशाऱ्यांची भाषा यांवर वेळ द्यावा लागतो. प्रत्येक विद्यापीठाची खेळी पुकारण्याची पद्धत निराळी, आकडे निराळे. एका मुलाच्या डोक्यात ज्या आकड्याचा अर्थ डावीकडची धाव असा बसलेला आहे, तोच आकडा दुसऱ्याला उजवीकडे नेतो. तेव्हा खेळ्यांची वही पातळ ठेवावी. थोड्या खेळ्या, पण प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील अशा, हेच धोरण अशा वर्षी शहाणपणाचे असते असे मला वाटते. आपल्याच जुन्या विद्यापीठाविरुद्ध खेळण्याची वेळ या मुलांवर येईल, याचीही त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने चर्चा करावी. पर्ड्यूने त्या वर्षी इलिनॉयला ४०-२१ असे हरवले, तेव्हा इलिनॉयच्या बाकांवरच्या लोकांना समोरच्या संघातले चेहरे पूर्ण ओळखीचे होते.

आता राखीव खेळाडूंची तयारी, आणि या कलमावर मी जरा जास्त थांबणार आहे. शांततेच्या काळात राखीव खेळाडू हा दुखापतीसाठी असतो; १९४३ मध्ये तो ठरलेल्या तारखेसाठी होता. याच राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (खेळी चालवणारा) अँजेलो बर्टेली पहिले सहा सामने खेळला, सहाही जिंकून दिले आणि मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड तळावर रवाना झाला. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हा तो फुटबॉलपासून दूर, त्या तळावर होता. त्याच्या जागी प्रशिक्षक फ्रँक लेही यांनी जॉनी लुजॅक या अठरा वर्षांच्या मुलाला उतरवले, आणि भूदलाच्या लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाविरुद्ध सामना २६-० असा जिंकला. असे एका आठवड्यात होत नाही. जाणारा खेळाडू संघात असतानाच येणाऱ्याला रोजच्या सरावात पहिल्या अकरांबरोबर उभे करावे लागते, पुढच्या खेळाडूने मागे दिलेला चेंडू हातात येण्याची लय त्याच्या बोटांना लावावी लागते, आणि जाणाऱ्याला हेही सांगावे लागते की आपल्या जागेवरच्या मुलाला शिकवणे हे या महिन्याचे त्याचे काम आहे. १९४१ पासून खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले होते, त्यामुळे राखीव मुलाला खऱ्या सामन्यात थोडा-थोडा वेळ उतरवणे शक्य होते. ही सवलत सप्टेंबरपासूनच वापरावी, आघाडी मोठी असेल तेव्हा तर अवश्य वापरावी.

पर्ड्यूलाही हा प्रसंग चुकला नाही. बटकोविचची पाठवणी हंगाम संपण्याआधीच झाली. ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिनला ३२-० असे सहज हरवणारा संघ नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध १४-७ आणि इंडियानाविरुद्ध अवघ्या ७-० असा निसटता जिंकला. मला त्या नऊ विजयांत हे दोन सर्वांत मोलाचे वाटतात, कारण त्यांत तयारी दिसते. आधीचे सात बऱ्याच अंशी नौदलाच्या बदल्यांच्या यादीने दिलेले होते.

सरावाच्या वेळेचा हिशेब कठोरपणे मांडावा. व्ही-१२ चा विद्यार्थी भल्या पहाटे उठणार, कवायत आणि शारीरिक शिक्षण करणार, गणित-भौतिकाचे वर्ग करणार, आणि त्यात नापास झाला तर फुटबॉलच नव्हे तर अधिकारी होण्याची संधीही गमावणार. उरलेल्या वेळातला लहानसा तुकडा तुमच्या वाट्याला येतो. म्हणून कोणत्या वारी काय करायचे हे आदल्या रविवारी कागदावर ठरलेले असावे, आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची चौकशी दर आठवड्याला शिक्षकांकडे करावी.

साहित्याचे कलम रबरापासून सुरू होते. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला, आणि फुटबॉलच्या चामडी आवरणाच्या आत फुगणारा फुगा रबराचा असतो. जुने चेंडू टाकून देऊ नयेत. दोरीची वीण सैल करावी, फुगा अलगद बाहेर ओढावा, पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे, तिथे ठिगळ लावून कोरडे होऊ द्यावे आणि मगच परत आत सारून दोरी घट्ट ओवावी. सायकलची ट्यूब दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. चांगला चेंडू सामन्यापुरता कपाटात कुलपात राहावा. चामड्याची शिरस्त्राणे पावसानंतर विस्तवाजवळ वाळवू नयेत, ती ताठ होऊन भेगाळतात; सावलीत वाळवून त्यांना तेल लावावे. जर्सी, खांद्यांची पॅडे आणि खिळ्यांचे बूट आहेत त्यांतूनच जुळवावे लागतील, तेव्हा आलेल्या प्रत्येक नव्या मुलाच्या पायाचे माप पहिल्याच दिवशी घ्यावे.

वेळापत्रक आखताना अंतर हा पहिला निकष असावा. १ डिसेंबर १९४२ पासून पेट्रोलवर देशभर नियंत्रण होते, टायर त्याआधीपासूनच रेशनवर होते, रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी ३५ मैल होती आणि रेल्वेगाड्या सैनिकांनी भरलेल्या होत्या. रेल्वेचे आरक्षण मिळेलच असे धरू नये आणि सोबत जाणारी माणसे कमीत कमी ठेवावीत. जवळच्या लष्करी तळांचे संघ मात्र विसरू नयेत. त्यांना हलके लेखण्याची चूकही करू नये. पर्ड्यूचा पहिलाच सामना शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल केंद्राशी होता आणि तो २३-१३ असा जिंकावा लागला. याच ग्रेट लेक्सने हंगामाच्या शेवटी तोवर अपराजित असलेल्या नोटर डेमला १९-१४ असे हरवून दाखवले.

प्रेक्षक कमी येतील हे गृहीत धरून तिकिटांचा अंदाज बांधावा. १९४२ च्या भूदल आणि नौदल अकादम्यांच्या सामन्याला, तो जिथे झाला त्या अ‍ॅनापोलिसच्या दहा मैलांच्या आतल्या रहिवाशांनाच प्रवेश होता. भूदलाचे कॅडेट येऊ शकले नाहीत म्हणून नौदलाच्या निम्म्या विद्यार्थ्यांना भूदलाच्या बाजूने ओरडण्याचा हुकूम झाला होता. गणवेशातल्या सैनिकांसाठी बाक राखून ठेवावेत आणि युद्धरोख्यांच्या विक्रीचे टेबल प्रवेशद्वाराशीच असावे. रेडिओवरच्या समालोचकाला आठवण करून द्यावी की पाऊस, वारा, धुके यांचा उल्लेख करायचा नाही, कारण हवामानाची माहिती शत्रूच्या उपयोगाची मानली जात होती. मैदानात चिखल झाला आणि चेंडू निसटत राहिला तरी त्याचे कारण श्रोत्यांना सांगायचे नाही. जेवणाचे पाहायचे तर मार्च १९४३ पासून मांस व लोणी रेशनच्या कुपनांवर होते. खेळाडूंच्या पंगतीची जुनी चैन धरून ठेवू नये.

संघ सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता वहीत लिहून घ्यावा, आणि बदली कळेल तसा तो सुधारत जावा. हे काम एखाद्या व्यवस्थित अक्षराच्या विद्यार्थ्याकडे सोपवावे आणि हंगाम संपल्यावरही चालू ठेवावे. २४ डिसेंबर १९४४ रोजी पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटावर मरीन कोअरच्या चौथ्या आणि एकोणतिसाव्या रेजिमेंटांत फुटबॉलचा सामना झाला, त्यात महाविद्यालयीन मैदाने गाजवलेले अनेकजण खेळले आणि सामना ०-० असा सुटला. बटकोविच त्यांच्यात होता. एप्रिल १९४५ मध्ये तो जपानच्या ओकिनावा बेटावर मारला गेला. त्या सामन्यात उतरलेल्या पंधरा जणांचा शेवट त्याच बेटावर झाला. असे वृत्त येईल तेव्हा घरच्यांना पत्र कोणी लिहायचे हे आधी ठरलेले असावे, आणि लिहिणारा त्या मुलाला ओळखणारा असावा.

शेवटचे कलम कागदपत्रांचे आहे. कोणता खेळाडू कोणत्या विद्यापीठाकडून किती हंगाम खेळला, त्याचे कोणते विषय पूर्ण झाले आणि कोणते राहिले, याची नोंद स्वाक्षरीसह दोन प्रतींत ठेवावी. एक आपल्याकडे, एक त्याच्या मूळ विद्यापीठाकडे. अगासी पॅसिफिकमध्ये लढला, जखमी झाला आणि परत आला. १९४६ च्या हंगामात तो पुन्हा इलिनॉयच्या जर्सीत गार्डच्या जागेवर उभा होता, आणि १ जानेवारी १९४७ रोजी त्याच्या संघाने रोझ बोल या मानाच्या सामन्यात कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला ४५-१४ असे हरवले. परतलेला असा मुलगा नावनोंदणीच्या खिडकीशी येईल त्या दिवशी त्याची फाइल पहिल्याच खणात सापडली पाहिजे.