पाऊस उघडल्यावर बागेत आधी दुखणं ओळखा, मग पंप उचला

पावसाची उघडीप मिळाली की फळझाडं नवी पालवी फेकतात, आणि त्या कोवळ्या पालवीवर किडी-रोगांची पहिली हजेरी लागते. या दिवसांत पान जरा वेडंवाकडं दिसलं की हात लगेच पंपाकडे जातो. कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकत्र कालवून मारलं की काहीतरी लागू पडेलच, असा हिशोब असतो. तो चुकतो. बुरशीनाशकाने अळी मरत नाही, कीटकनाशकाने बुरशी हटत नाही, आणि झाडाला लोह कमी पडत असेल तर दोन्ही फवारण्या पाण्यात. शिवाय तुमच्या बाजूने लढणारे किडे मरतात ते वेगळंच.

बागेत शिरताना दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक पांढरा कागद आणि धारदार चाकू खिशात ठेवा. झाडाजवळ गेल्यावर पहिला प्रश्न विचारा: पिवळेपणा नव्या पानांवर आहे की जुन्या? नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता. लिंबूवर्गीय झाडाची जुनी पानं पिवळी पडताहेत, पण देठाकडचा त्रिकोणी भाग हिरवा राहिलाय, तर मॅग्नेशियम कमी पडतंय. कमतरतेचा पिवळेपणा पानाच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. मधल्या शिरेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला भलतंच, असे विस्कळीत चट्टे दिसले तर ग्रीनिंग या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाची शंका घ्या. या रोगावर इलाज नाही. त्याचा प्रसार करणारी सायला कीड कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते, आणि पानावर बसताना शेपटीकडचा भाग वर उचलून तिरकी बसते. ही बैठक एकदा डोळ्यांत भरली की पुढे ती लांबूनही कळते. पानाच्या आत चकाकणारी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी. तिने केलेल्या जखमेतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. खैऱ्याचे ठिपके बोटाला खरखरीत, उंचवट्यासारखे लागतात आणि भोवती पिवळं कडं असतं.

शेंडे आकसले, पानांच्या कडा वर वळल्या, तर शेंडा पांढऱ्या कागदावर आपटा. लांबट, पिवळसर, चपळ जीव पळाले तर फुलकिडे. अगदी बारीक, संथ चालणारे ठिपके दिसले तर भिंगातून पाय मोजा. आठ असतील तर कोळी. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. काही औषधांनी तर कोळ्याला खाणारे किडे मरून तो उलट वाढतो.

पानांवर काळी काजळी धरली की अनेक जण थेट बुरशीनाशक आणतात. अंगठ्याने ती पुसून बघा. खाली पान हिरवंच निघेल. ही बुरशी पान खात नाही, पानावर सांडलेल्या चिकट गोड द्रवावर वाढते. म्हणजे गुन्हेगार वरच्या फांदीवर आहे: तुडतुडे, मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिच्या मागे जा, ती नेमकी तिथेच पोचते. पिठ्या ढेकणाबाबत मात्र एक सावधगिरी ठेवा. त्याच्यासारखीच पांढरी, कापूस गुंडाळल्यासारखी दिसणारी, पण झपझप चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. क्रिप्टोलिमस नावाच्या मित्र भुंगेऱ्याची ती अळी पिठ्या ढेकूण खाऊनच वाढते. आपल्या राखणदारालाच चोर समजून मारल्याचं मी बागांमधून पाहिलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं.

खोडातून डिंक येत असेल तर तो कुठून येतो ते बघा. जमिनीलगत, ओलसर तपकिरी झालेल्या सालीतून येत असेल तर डिंक्या रोग. कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डोपेस्ट लावा, आणि खोडाला पाणी टेकू देऊ नका. भोक दिसतंय, खाली ताजा भुस्सा पडलाय, तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. तिथे पेस्ट लावून काही होत नाही. आकडीच्या तारेने अळी बाहेर ओढावी लागते. सालीवर भुस्सा आणि विष्ठेची रेशमी जाळी लोंबत असेल तर साल खाणारी अळी. ती दिवसा फांदीच्या बेचक्याजवळच्या भोकात लपते आणि रात्री जाळीखालून साल खाते.

फळावरच्या भोकाने तर भलेभले फसतात. फळ कापूनच बघा. आत बिनपायाच्या पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. भोकाशी विष्ठा आणि आत एखादीच जाडसर अळी असेल तर फळ पोखरणारी अळी. सुईसारखं छिद्र, दाबल्यावर रस येतो, भोवती सड, पण आत अळीच नाही, तर रस शोषणारा पतंग रात्री येऊन गेलाय. दिवसा फवारून तो सापडत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत जा. फळमाशीसाठी पडलेली फळं रोज वेचून नष्ट करा, कारण तिचे कोष जमिनीतच तयार होतात. वासाने नराला ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून नुसत्या सापळ्यावर विसंबू नका.

डाळिंबाचं फळ तडकलं म्हणजे तेल्या रोगच, असं नाही. तेल्यात आधी तेलकट काळपट डाग येतो आणि चीर त्या डागातूनच जाते. डाग नाही, नुसतीच लांब भेग, तर पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर पाणी हे कारण शोधा.

मोहोरावर पांढरी भुकटी असेल तर भुरी रोग. ती पाऊस नसतानाही वाढते. ओल राहिल्याने मोहोर काळा पडून झडत असेल तर करपा रोग. फुलोरा उमललेला असताना मात्र कीटकनाशक टाळा, मधमाश्या त्याच वेळी कामावर असतात.

एवढं बघूनही नाव ठरत नसेल तर आजारी फांदीचा ताजा तुकडा, पान, फळ आणि मुळं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना घामेजून सडतो, मग मूळ रोग कोणता आणि नंतरची सड कोणती हे त्यांनाही सांगता येत नाही.