लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड दिसेनासं झालं? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात माझ्या गेमिंग लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं कार्ड एका रात्रीत गायब झालं. गेम लावला तर स्लाइड शो, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली एकटा इंटेल. मी काय करावं, तर सरळ विंडोज फॉरमॅट मारली. अख्खा रविवार गेला, सोमवारची रात्र ऑफिसची सॉफ्टवेअरं परत टाकण्यात गेली आणि कार्ड काय आलं नाही. शेवटी आलं ते चार्जर काढून पॉवर बटण मिनिटभर दाबून धरल्यावर. फुकटचं काम होतं हो ते, आधी केलं असतं तर.

तर पहिली चूक हीच, कार्ड नेमकं कोणाला दिसत नाहीये हे न बघता कामाला लागणं. बऱ्याचदा ते गायब नसतंच. अशा लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपा असतात, साधं काम इंटेल किंवा एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतं आणि मोठं कार्ड झोपलेलं असतं, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू १ समोर ० टक्के दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असं दिसत असेल तर बहुतेक वेळा फक्त ड्रायव्हरची बोंब असते, आनंद माना. पिवळं चिन्ह असेल तर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २२ म्हणजे कोणीतरी डिसेबल केलंय, परत इनेबल करा, संपलं. कोड ४३ म्हणजे कार्डानेच तक्रार केलीय आणि त्यात ड्रायव्हरही असू शकतो नाहीतर चिपही. आणि व्ह्यू मेन्यूतून 'शो हिडन डिव्हायसेस' केल्यावर कार्ड फिकट दिसलं, कोड ४५ आला, तर विंडोजला ते आत्ता जोडलेलंच वाटत नाहीये.

इथे एक गंमत आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये इको मोड किंवा फक्त आतलं ग्राफिक्स वापरायचा मोड असतो, तो लावला की बॅटरी वाचवायला मोठ्या कार्डाचा करंटच बंद होतो आणि ते डिव्हाइस मॅनेजरमधून चक्क नाहीसं होतं. काही मॉडेलांत हे सेटिंग विंडोजमध्ये नाही तर फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) बसतं, म्हणजे इको चालू असताना 'हे फालतू सॉफ्टवेअर कशाला' म्हणून उडवलंत की कार्ड तसंच बंद राहतं, फॉरमॅट मारा नाहीतर काय वाट्टेल ते करा. सॉफ्टवेअर परत टाका, मोड स्टँडर्डवर आणा, रीस्टार्ट करा.

दुसरी चूक, 'मी दहा वेळा बंद-चालू केला' म्हणणं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात शट डाउन पूर्ण होतच नाही, पूर्ण होतं ते रीस्टार्ट किंवा शिफ्ट दाबून केलेलं शट डाउन. आणि तेवढंही पुरत नाही कधीकधी, कारण बोर्डावर पॉवर सांभाळणारी एक छोटी चिप असते, ती लॅपटॉप बंद असला तरी जागी असते आणि तीच अडकलेली असू शकते. म्हणून पूर्ण बंद करायचं, चार्जर, एचडीएमआय, पेनड्राइव्ह सगळं काढायचं, बॅटरी निघत असेल तर तीही, मग पॉवर बटण ३० ते ६० सेकंद धरायचं. माझं याच्यावरच भागलं.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. इन्स्टॉलर 'सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही' म्हणत असेल तर पाच वेगवेगळी व्हर्जनं डाउनलोड करून काही होत नाही, कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर बसणार कशावर? कार्ड दिसतंय पण चालत नाही अशा वेळी नेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर साफ करा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा टाका. ते एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारे प्रोग्रॅम मात्र नकोत.

अजून शंका असेल तर उबुंटूचा (विंडोजसारखीच दुसरी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल न करता ट्राय मोडमध्ये चालू करा आणि टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) टाइप करा, जोडलेल्या हार्डवेअरची यादी येते. तिथे कार्ड दिसलं तर दोष विंडोजचा, तिथेही नाही आणि इको मोडही नाही तर मग बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) डिफॉल्टवर आणून बघायचं. बायोस अपडेट करायचाच तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, आणि 'जवळपास सारख्याच' मॉडेलची फाइल चुकूनही नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. दुकानात गेलात की ऐकायला मिळतं, 'चिप गरम करून देतो, होऊन जाईल.' याच्या मागे जुना इतिहास आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या काही लॅपटॉप चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात फेल होतायत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. दोष चिपच्या पॅकेजच्या आत होता, बोर्डावरच्या सोल्डरमध्ये नाही. हीट गन मारली की आतला जोड तात्पुरता जुळायचा, लॅपटॉप काही आठवडे चालायचा, गिऱ्हाईक खूश, आणि मग परत मरायचा. रिबॉलिंगचंही तेच, चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलतात पण चिप जुनीच राहते. दुकानदाराला सरळ विचारा, चिप नवी बसवणार की हीच तापवणार, आणि गॅरंटी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या. हल्ली बहुतेक लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं त्यामुळे 'कार्ड बदलून देतो' म्हणणाऱ्याला कुठलं कार्ड तेही विचारा. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूलाच हात लावू नका.

आणि कार्ड खरंच गेलं असेल तर लगेच भंगारात काढू नका, इंटेलवर ऑफिस, ब्राउझर, यूट्यूब मस्त चालतं. फक्त बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट मोठ्या कार्डालाच जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर त्याच्यावर येणार नाही, टाइप-सी मधून चालतो का ते बघायचं.