ईश्वरविज्ञानाच्या पदवीसाठी अर्ज करताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या सदर, मोहननगर आणि मेकोसाबाग या भागांतून दरवर्षी दोन-चार मुले-मुली सेमिनरीचे, म्हणजे ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकवणाऱ्या महाविद्यालयाचे, अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. मंडळीच्या, म्हणजे आमच्या स्थानिक चर्चच्या, युवकसंघाचे काम पाहत असल्यामुळे असे अर्ज वाचण्याचा मला बऱ्यापैकी सराव झाला आहे, आणि गुण कमी पडल्यामुळे अर्ज अडला असे मी क्वचितच पाहिले आहे. बहुतेकदा अर्जदाराने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळलेली असतात. देव मला सेवेसाठी बोलावीत आहे का, हा पहिला प्रश्न; आपण त्याला पाचारण म्हणतो आणि त्याची पारख मंडळी करते. चार-पाच वर्षे ग्रंथालयात बसून हा विषय मला का शिकायचा आहे, हा दुसरा प्रश्न, आणि त्याची पारख महाविद्यालय करते. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिले की अर्ज कच्चा दिसू लागतो. पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा चुका याच गोंधळातून निघतात.

पदवी नेमकी कोण देणार, हे न पाहणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. ‘बी.टीएच.’ (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) किंवा ‘बी.डी.’ (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही अक्षरे माहितीपुस्तिकेवर दिसली की पालकांचे समाधान होते. परंतु या अक्षरांमागे वेगवेगळ्या व्यवस्था उभ्या असतात. पहिली व्यवस्था बंगालमधील सेरामपूरची. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली आणि पुढे १९१८ च्या कायद्याने त्या अधिकाराला भारतात कायदेशीर आधार मिळाला. त्यामुळे तेथील सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न असलेल्या पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात किंवा बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकले, तरी पदवी सेरामपूरच्या सिनेटची मिळते. येथे दोन गैरसमज वारंवार होतात. एक म्हणजे, सेरामपूरची पदवी हवी असेल तर बंगालात जाऊन राहावे लागेल असे अनेकांना वाटते. एका वडिलांनी तर मला ‘म्हणजे नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर ना?’ असे विचारले होते, आणि त्यांचे फारसे चुकलेही नव्हते, कारण त्या बंगाली गावाचे स्थानिक नाव श्रीरामपूरच आहे. दुसरा गैरसमज असा की सेरामपूर कॉलेजातील कोणताही अभ्यासक्रम सिनेटचा असतो; वास्तविक तेथील कला व विज्ञान शाखा कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे चुकीच्या शाखेचा अर्ज भरला तर भलत्याच प्रवेशप्रक्रियेत अडकायला होते.

दुसरी व्यवस्था एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेची. ही मान्यता शिक्षणाचा दर्जा तपासून दिलेली असते आणि अनेक चर्चेस ती आदराने स्वीकारतात. मात्र ही संघटना विद्यापीठ नव्हे. तिसरी व्यवस्था कॅथलिक. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातील पदव्यांना रोमची मान्यता असते, आणि तेथे ईश्वरविज्ञानाच्या आधी तत्त्वज्ञानाचा अभ्यास पूर्ण करावा लागतो, म्हणून बारावी होताच थेट ‘बी.टीएच.’च्या वर्गात बसण्याची कल्पना तेथे लागू पडत नाही. या तिन्ही व्यवस्था आपापल्या हेतूसाठी चांगल्या आहेत. चूक होते ती हेतू न ठरवता व्यवस्था निवडण्यात.

यांखेरीज चौथा प्रकार आहे आणि तो सरळ टाळावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, आणि त्या यादीत आपल्या नागपूरच्याही एका संस्थेचे नाव आलेले आहे. ती ईश्वरविज्ञानाशी संबंधित नव्हे, पण हा धोका दूरच्या राज्यांतलाच असतो या भ्रमात राहू नये, एवढ्यासाठी तिचा उल्लेख केला. सहा महिन्यांत घरबसल्या डॉक्टरेट देऊ करणारी पत्रके आपल्या उपासनामंदिरांच्या दाराशीही वाटली जातात.

ज्यांना पुढे शिक्षकी पेशा किंवा स्पर्धा परीक्षांचे दार उघडे ठेवायचे आहे, त्यांनी माझ्या मते आधी हिस्लॉप कॉलेज किंवा एस.एफ.एस. कॉलेजसारख्या ठिकाणी नागपूर विद्यापीठाची बी.ए. पूर्ण करावी आणि मग बी.डी.कडे वळावे. सेरामपूरची बी.डी. बारावीनंतर साधारणतः पाच वर्षांची आणि पदवीधरांसाठी चार वर्षांची असते. म्हणजे पदवीची तीन वर्षे जास्त लागली तरी त्यांतील एक वर्ष पुढे वाचते, आणि इतिहास किंवा तत्त्वज्ञान वाचलेला विद्यार्थी सेमिनरीत निश्चितच पुढे राहतो. घरच्यांना हा सल्ला लांबचा वाटतो, हे मला ठाऊक आहे.

चर्चला वगळून थेट सेमिनरी गाठणे

चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या (सी.एन.आय.) चर्चमध्ये पाळकपदाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या पदाचा, उमेदवार धर्मप्रांताकडून, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील विभागाकडून, निवडला जातो. ही निवड न होताच स्वतःच्या खर्चाने सेमिनरी पूर्ण केलेले विद्यार्थी परत येतात, तेव्हा त्यांच्या हाती पदवी असते; पण पाळक म्हणून दीक्षा मिळण्याचा प्रश्न पहिल्या पायरीवरच उभा असतो. पाळक व्हायचे असेल तर आधी आपल्या पाळकसाहेबांशी बोलावे आणि मंडळीच्या कमिटीमार्फत बिशपांच्या कार्यालयाकडे रीतसर अर्ज द्यावा. पाळक व्हायचेच नसेल, केवळ विषयाची ओढ असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. स्वतंत्र उमेदवार घेणाऱ्या संस्था आहेत, आणि सेवेची खोटी हमी देऊन मिळवलेले प्रायोजकत्व पुढे बंधपत्राच्या रूपाने गळ्याशी येते. मुलींच्या बाबतीत ‘शिकून काय करणार?’ असा प्रश्न अजूनही विचारला जातो. सी.एन.आय.मध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, एवढे उत्तर त्यावर पुरेसे आहे.

सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्या काही मुलांचा असाही समज असतो की तेथील सेंट चार्ल्स सेमिनरीत कोणीही प्रवेश घेऊ शकतो. ती कॅथलिक धर्मगुरू घडवणारी संस्था आहे आणि तेथील वाट धर्मप्रांतातून किंवा धर्मसंघातून जाते. प्रापंचिक कॅथलिक तरुणांनी आणि धर्मभगिनींनी पुण्याच्या ज्ञानदीपची माहिती घ्यावी.

याच ओघात अर्जातील ‘पंथ’ या रकान्याचेही सांगतो. तेथे अनेक जण ‘ख्रिश्चन’ एवढेच लिहितात, जे तपासणाऱ्याला आधीच माहीत असते. सहा परंपरांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. तेव्हा निदान नागपूरच्या मुलाला तरी आपली मंडळी कोणत्या परंपरेतून आली हे मुलाखतीत सांगता यावे.

साक्षच निवेदन म्हणून लिहिणे

‘मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे’ या निवेदनात दहांपैकी आठ अर्जदार आपली साक्ष लिहितात: लहानपणी आजारी पडलो, आईने प्रार्थना केली, बरा झालो, तेव्हाच आयुष्य अर्पण केले. ही साक्ष खरी असेल आणि मंडळीत ती द्यावीही. सेमिनरीच्या अर्जात तिला एक परिच्छेद असतोच. परंतु वाचणाऱ्याला शोध असतो तो प्रश्नाचा. काटोलकडच्या एका मुलीने मागे लिहिले होते की नात्यातील हिंदू घरी तेरवीला जेवायला जावे की नाही यावरून तिच्या घरात दोन तट पडले होते. मग तिने मूर्तीला अर्पिलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचला, आणि दोन्ही बाजू त्याच अध्यायाचा आधार घेतात हे पाहून ती चक्रावली. मजकूर एक असताना अर्थ दोन कसे निघतात, हे तिला शिकायचे होते. तिचे इंग्रजी मोडके होते, तरीही मुलाखतीतला अर्धा तास याच विषयावर गेला.

म्हणून निवेदन लिहिण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी. आपल्या मंडळीत, घरात किंवा मोहल्ल्यात ज्या प्रश्नावर पाळकसाहेबांचे उत्तर ऐकूनही मन भरले नाही, असा एक प्रश्न कागदावर लिहावा, आणि त्यासाठी आपण काय वाचले, कोणाला विचारले, कोठे अडलो, तेवढेच पाच-सहा वाक्यांत मांडावे. असा प्रश्न सापडतच नसेल, तर अर्ज एक वर्ष पुढे ढकलण्यास हरकत नाही.

मराठी पवित्र शास्त्राच्या भरवशावर इंग्रजी परीक्षेला जाणे

बी.डी.चे माध्यम सहसा इंग्रजी असते, आणि प्रवेशाच्या वेळी पवित्र शास्त्राचे ज्ञान व इंग्रजी या दोन्हींची चाचणी बहुतेक ठिकाणी होते. आपल्या मुलांना वचने तोंडपाठ असतात, पण पुस्तकांची इंग्रजी नावे ठाऊक नसतात. ‘अनुवाद’ म्हणजे डिउटेरॉनॉमी, ‘शास्ते’ म्हणजे जजेस, ‘उपदेशक’ म्हणजे एक्लीझिअ‍ॅस्टीस, ‘प्रेषितांची कृत्ये’ म्हणजे अ‍ॅक्ट्स, हे परीक्षेच्या खोलीत बसून उमगत नाही. सर्वांत मोठा सापळा याकोबाच्या पत्राचा आहे. मराठीत उत्पत्तीमधला याकोब आणि पत्र लिहिणारा याकोब यांचे नाव एकच. इंग्रजीत मात्र पहिला जेकब आणि दुसरा जेम्स. ‘जेकबचे पत्र’ असे उत्तर लिहून आलेला चांगला अभ्यासू मुलगा मी पाहिला आहे. तसेच पवित्र शास्त्रात पुस्तके किती, या प्रश्नाला प्रॉटेस्टंट विद्यार्थी ६६ आणि कॅथलिक विद्यार्थी ७३ असे उत्तर देतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण हा फरक का पडतो हे सांगता आले तर परीक्षकाला अभ्यास दिसतो.

यावर उपाय सोपा असला तरी वेळखाऊ आहे: सहा महिने रोज एक अध्याय मराठीत आणि तोच अध्याय इंग्रजीत, मोठ्याने. मूळ ग्रीक आणि हिब्रू आधीच शिकून जाण्याची गरज नसते. त्या पुढे शिकवल्या जातात. तरीही या भाषांचे भय वाटणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देतो, ज्यांनी या दोन्ही भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले.

परदेशी अर्जात सेमिनरीची भाषा वापरणे

ब्रिटनमधील विद्यापीठांकडे जाणाऱ्यांची संख्या थोडी आहे, पण त्यांची चूक ठरलेली असते. ऑक्सफर्ड, डरहॅम किंवा एडिंबरो येथील ईश्वरविज्ञानाची पदवी कोणत्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यालाही खुली असते. नागपुरात काम केलेले स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते, त्याच चर्चने स्थापलेले न्यू कॉलेज आज एडिंबरो विद्यापीठाचा भाग आहे. तरी ‘मी हिस्लॉप यांच्या शहरातून आलो’ हे तेथे पात्रतेचे कारण होत नाही. यूकास या सामाईक अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत: विषय का निवडला, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. सगळे मिळून ४,००० वर्ण, रिकाम्या जागांसह. तेच उत्तर अर्जात निवडलेल्या पाचही विद्यापीठांना जाते, त्यामुळे त्यात एकाच विद्यापीठाचे गुणगान करू नये. शिफारस शिक्षकाची लागते, पाळकांची नव्हे. ऑक्सफर्ड व केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला तेथील संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला संपते.

कागदपत्रे आणि अडलेले अर्ज

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सॅम्युएल, गुणपत्रिकेवर श्याम आणि आधार कार्डावर दोन्हींचे मिश्रण, हे दृश्य आपल्या घरांत नवे नाही. तीनही कागदांवर नाव वेगळे असेल तर प्रवेशानंतर नव्हे, अर्जापूर्वीच प्रतिज्ञापत्र करावे, आणि कायमचा बदल हवा असल्यास शासनाच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावे. बारावीनंतर एक-दोन वर्षे गेली असतील तर त्या काळाचेही प्रतिज्ञापत्र जोडावे. त्या काळात मंडळीत केलेल्या शब्बाथशाळेच्या (संडे स्कूलच्या) कामाचा उल्लेख करण्यास लाजू नये. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला तर नवा अर्ज भरण्याची घाई न करता, कोणता कागद कमी पडला हे ईमेलने लेखी विचारावे आणि जुन्याच अर्ज क्रमांकावर तो पाठवावा. दोन अर्ज गेले की कार्यालयात दोन्ही बाजूला पडतात.

पाळकांचे शिफारसपत्र मात्र माझ्या स्वतःच्या अर्जाचाही घात करून गेले होते. पत्र बंद लिफाफ्यात परस्पर पाठवायचे होते, आणि आमच्या पाळकसाहेबांनी प्रेमाने ते माझ्याच हाती दिले. मी ते उघडे जोडले, ते परत आले, आणि दुसरे पत्र मिळेपर्यंत मुदत संपली. पत्र कोणी, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, हे एका कागदावर लिहून तिकिटे लावलेल्या लिफाफ्यासह पाळकांना द्यावे. मे महिन्यात पाळक शिबिरांत किंवा गावी असतात आणि मंडळीचे कार्यालय उन्हामुळे दुपारी बंद असते; म्हणून ही विनंती फेब्रुवारीतच करावी.