फिंचच्या चोची समजावताना या चुका टाळा

एकाच पूर्वजापासून अनेक प्रजाती कशा झाल्या हे सांगताना गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्षी हमखास येतात, आणि त्यांच्यासोबत ‘गरज पडली म्हणून चोच बदलली’ हे चुकीचे स्पष्टीकरणही येते. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक असताना, शाडूच्या चोचींचा सुरेख तक्ता मांडलेल्या मुलीने मला न अडखळता सांगितले की, कठीण बिया फोडून फोडून चोच जाड झाली आणि मग पिलांनाही तशीच मिळाली. तिच्या शिक्षकांनी वेळेअभावी विषय सोपा केल्याचे समर्थन केले. या घाईची मला चीड येते, कारण सोपे करण्याच्या नादात सिद्धांतच उलटा झाला होता.

म्हणून मी डार्विनपासून नव्हे, तर गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटापासून सुरुवात करतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य 1973 पासून तेथील पक्ष्यांच्या पायांत कडी घालून चोचींची मापे घेत होते. 1977 च्या अवर्षणात लहान बिया संपत गेल्या, आपल्या सराट्याच्याच जातकुळीतील एका वनस्पतीची टणक, काटेरी फळे उरली आणि मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी (जमिनीवर बिया टिपणाऱ्या फिंचांपैकी) बहुसंख्य मेले. जे जगले त्यांच्या चोची सरासरीने मुळातच जाड होत्या आणि ही जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीची सरासरी वाढली. कोणत्याही एका पक्ष्याची चोच बदलली नव्हती. पुढे 1983 च्या एल निनोच्या पावसानंतर लहान बिया मुबलक झाल्या आणि लहान चोचींच्या पक्ष्यांचे फावले, तेव्हा उत्क्रांती एकाच दिशेने चालते असेही लिहू नये.

आजच्या सगळ्या प्रजाती एकाच जुन्या पूर्वजाच्या वंशज आहेत, म्हणून आजच्या एखाद्या फिंचला इतरांचा पूर्वज म्हणून तक्त्यावर काढू नये.

डार्विनला बेटावर पाय ठेवताच साक्षात्कार झाला, ही कथाही सोडून द्यावी. 1835 मध्ये गोळा केलेल्या अनेक फिंचांवर त्याने बेटाची नोंदही केली नव्हती, आणि ते निकटच्या नात्यातील वेगवेगळ्या प्रजातींचे आहेत हे 1837 मध्ये लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी ओळखले.

अधिवास वेगळा झाला की प्रजाती वेगळी झाली, असे समजणारेही पुष्कळ आहेत. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो की, वेगळ्या बेटांवर वाढलेले दोन गट पुन्हा एकत्र आले, तर त्यांची जोडी जमेल का? फिंचांमध्ये नर बहुधा बापाकडून गाणे शिकतो आणि मादी गाणे व चोच पाहून जोडीदार निवडते, त्यामुळे अन्नावरून पडलेला फरक प्रजननापर्यंत पोहोचतो.