बांधकामाच्या साइटवरच्या वर्गात घरची भाषा कशी आणायची

पहिल्या दिवशी फळा राहू दे. वाघोलीच्या आमच्या साइटवर मी आधी पोराच्या आईला विचारते, "घरात काय बोलता?" ती "हिंदी-मराठी" म्हणते, कारण तेच सांगायची सवय लागलीय. मेळघाटची असेल तर सावकाश पुन्हा विचारा. मग "कोरकू" येतं, तिथल्या आदिवासींची भाषा.

सुरुवातीला मी हे विचारलंच नव्हतं. एक पोरगा "डा, डा" म्हणत राहिला. मी त्याला डमरूतला "ड" गिरवायला दिला. त्याला पाणी हवं होतं.

आता भिंतीवर चित्रं असतात. नाव पोरं सांगतात, मी ऐकू येईल तसं देवनागरीत लिहिते. कुत्र्याखाली "सीटा", शेजारी "कुत्रा". माझा उच्चार चुकला की खदाखदा हसतात; हसू द्या. कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठीशी नातं नाही. "थोडंफार कळत असेलच" हा पुणेरी आत्मविश्वास घरी ठेवा.

शाळेत नाव घालताना सोबत जा. मातृभाषेच्या रकान्यात न विचारता "मराठी" पडतं. आमच्याकडे दोनदा पडलं. बदलून घ्या. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यघटनेत कलम ३५०क आहे, त्याची प्रत पिशवीत ठेवा. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाखांवर, तरी आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. २५ हजारांच्या आतली संस्कृत आहे.

जनगणनेचा माणूस आला की "कोरकू" आईनंच मोठ्यानं सांगायचं. त्याची तालीम आम्ही चहा पिता पिता घेतो.