भिंतीला ओल? चवथीच्या घाईत या चुका टाळा

गोव्यात घर रंगवायचा मुहूर्त ठरलेला असतो, तो म्हणजे चवथ, अर्थात गणेश चतुर्थी. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या खोलीत पोपडे सुटलेली भिंत कुणालाच बघवत नाही, त्यामुळे श्रावण लागला की रंगाऱ्यांची शोधाशोध सुरू होते. नेमकी तेव्हाच भिंत वर्षातली सर्वांत जास्त ओली असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्या भिंतीवर पुट्टी ओढली की आतल्या पाण्याची वाट बंद होते आणि दिवाळीपर्यंत रंगाला फुगे येतात. चवथीला भिंत बरी दिसायलाच हवी असेल, तर सैल झालेला रंग खरवडा आणि नुसता चुन्याचा हात द्या. खरे काम डिसेंबर ते मे या काळात करा.

दुसरी चूक याहून महागात पडते. पाणी कुठून येते हे न बघताच ‘वॉटरप्रूफिंग’चा डबा आणला जातो. आधी डाग नीट बघा. जमिनीपासून कमरेपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढुरकी रेघ असेल, तर पाणी घराच्या पायातून वर चढते आहे. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा नैऋत्येच्या भिंतीवर पावसाच्या जोरानुसार वाढणारा डाग बाहेरून येतो. तिथे भेग, तुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ किंवा छज्जा तपासा. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसेल तर पाणी तिथून ओघळत भिंतीला लागते. ऐन एप्रिलमध्येही न सुकणारा डाग न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या मागे असेल, तर नळाच्या पाइपावर संशय घ्या. घरातले सगळे नळ बंद ठेवूनही मीटर फिरत असेल तर फरशी फोडण्याआधी प्लंबर बोलवा. डाग स्विचबोर्डाजवळ असेल तर मात्र निदान बाजूला ठेवून आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तरी शंका उरते. काळी बुरशी भिंतीतल्या पाण्याची की खोलीतल्या दमट हवेची? पोपडे खरवडून भिंतीवर फूटभर चौकोनी अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा आणि चारही कडा टेपने बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली. हवेतली असेल तर गवंड्याचे कामच नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, कपडे खोलीत वाळत घालू नका, पंखा चालू ठेवा. मालक मुंबईत किंवा परदेशात आणि घर जूनपासून कुलूपबंद, अशी घरे गावोगावी आहेत. त्यांना महागड्या रंगापेक्षा आठवड्यातून एकदा खिडक्या उघडणाऱ्या शेजाऱ्याचा जास्त उपयोग होतो.

आता लोणा. भिंतीवर कापसासारखे पांढरे फुलते ते मीठ. समुद्रकाठची न धुतलेली वाळू, खाऱ्या विहिरीचे पाणी किंवा खाजणाजवळची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल भागाजवळची जमीन यांतून ते भिंतीत शिरते. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, म्हणून एक थेंब पाऊस पडलेला नसतानाही मे महिन्यात जुना डाग पुन्हा काळपट होतो आणि आपण छपरावर गळती शोधत बसतो. लोणा पाण्याने धुणे ही हमखास होणारी चूक आहे. मीठ विरघळून परत आत जाते. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा आणि घराबाहेर टाका. मीठ मुरलेला गिलावा रंगाने सुधारत नाही. डागाच्या वर फूटभरापर्यंत तो काढूनच टाकावा लागतो.

जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांचे जास्त नुकसान सिमेंटने केले आहे, असे माझे ठाम मत आहे. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. मातीत रचलेल्या त्या भिंतींवर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा असे, त्यामुळे ओल निघून जायला वाट होती. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला की पाणी आतच कोंडते आणि आणखी वर चढते. कमरेएवढा डाग मग खांद्यापर्यंत दिसतो. अशा घराला चुना-वाळूचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्या. चुन्याचे काम येणारा गवंडी आता शोधावा लागतो, पण शोधा. तो मिळत नाही म्हणून आतून पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) तर मुळीच लावू नका. ओल लागली की ते फुगून सुटते. काँक्रीटच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी, तिथे सिमेंट चालते. मात्र उपाय बाहेरच्या भेगांवर आणि गच्चीवर करायचा, आतल्या भिंतीवर नव्हे.

अंगणाकडेही बघा. पेव्हर घातले, मातीची भर टाकली, रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि जोते हळूहळू जमिनीत गेले. बाहेरची जमीन जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली हवी आणि उतार घरापासून दूर जाणारा हवा. एवढी माती उपसल्यावर बऱ्याचदा निम्मे काम होते.

उगम बंद केल्यावर लगेच रंग नको. ढोबळ हिशेबाने भिंत महिन्याला इंचभर सुकते. नऊ इंची चिऱ्याची भिंत म्हणजे अनेक महिने. रंगाआधी फॉइल पुन्हा लावून बघा. आणि ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारा, ‘पाणी येते कुठून?’ त्यावर त्याने फक्त डब्याचे नाव आणि दहा वर्षांची गॅरंटी सांगितली, तर त्याला चहा पाजून रवाना करा.